मामांचा सहावा तुकडा

काळेवाडीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरवर जी फाइल उघडत नाही, ती आमच्या मामांच्या कॉम्प्युटरवर उघडते. हे मी ऐकीव सांगत नाही, शेजाराच्या अनुभवातून सांगते. मामा माझ्या आईच्या माहेरच्या तालुक्यातले, बीडकडचे, म्हणून मामा. एरवी आमच्यात नातं म्हणाल तर त्यांच्या घराचं छत आणि आमच्या घराची फरशी एकच आहे एवढंच. तीसेक वर्षं त्यांनी एका कंपनीच्या टूलरूममध्ये साचे आणि डाय बनवण्यात घालवली. कंपनीने टूलरूम बंद केली तेव्हा ड्रॉइंग ऑफिसातले जुने कॉम्प्युटर कामगारांना देऊन टाकले, त्यातला एक मामा रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. तेव्हाच तो म्हातारा होता. आज त्याच्या वयाचा दुसरा कॉम्प्युटर मी तरी चालू अवस्थेत पाहिलेला नाही. तरी शनिवार-रविवारी मामांच्या दाराशी चपलांचा ढीग असतो आणि प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह. कुणाच्या मुलीचे प्रवेशाचे कागद, कुणाच्या वर्कशॉपला चाकणहून आलेली ड्रॉइंग्ज, कुणाच्या साखरपुड्याचे फोटो; सगळं एकाच झिप फाइलमध्ये दाबून भरलेलं आणि घरी कुणालाच न उघडता आलेलं.

या कॉम्प्युटरपुढे बसण्याची एक रीत आहे. आधी साबणाने हात धुवायचे, पुसायचे आणि नखांकडे एकदा बघायचं. मग वरचं कापड काढायचं. हे कापड म्हणजे मामांच्या कंपनीच्या निळ्या गणवेशातून मामींनी शिवलेलं झाकण आहे. शर्टाचा खिसा तसाच ठेवलाय आणि त्यात मामांचा चष्मा पुसायचा फडका असतो. कापडाची घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवायची आणि मग बटण. बटण दाबून मामा तिथे थांबत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवतात, कारण चहा गाळून कपात पडेपर्यंत कॉम्प्युटर जागा होत नाही. आलेल्यालाही चहा मिळतो, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. मध्येच मामा बाहेर येऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आशीर्वाद चाललाय. पण मशीन आतून बरी फिरतेय की नाही हे हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं. मुलाने मोठ्या हौसेने आणलेला लॅपटॉप गेली तीन वर्षं खोक्यासकट कपाटात आहे, कारण त्याच्यावर हात ठेवला तर काहीच कळत नाही. ‘जी मशीन आवाजच करत न्हाई, तिचं दुखणं समजावं कसं?’ असं मामा त्याला विचारतात. मुलगा हिंजवडीला आयटीत आहे, पण याचं उत्तर त्याच्या कंपनीत कुणाला येत नाही.

कॉम्प्युटर जागा झाला की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात सहा फाइली एका रांगेत दिसतात. सगळ्यांचं नाव एकच, फक्त शेवटचे आकडे वेगळे: एक, दोन, तीन, चार, पाच आणि एकदम सात. जगाच्या फाइली उघडून देणाऱ्या या माणसाला एवढी एक फाइल नऊ वर्षांत उघडता आलेली नाही, आणि ती त्याची स्वतःची आहे.

त्याचं असं झालं. मामांच्या टूलरूममध्ये नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे, जो जिथला त्या गावाने मारत. मामा ‘बीड’ होते आणि त्यांच्या शेजारच्या मशीनवरचे त्यांचे जिवलग ‘दापोडी’. सव्वीस वर्षं दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले. टूलरूमच्या शेवटच्या दिवशी दापोडींनी फोनवर तिथलं चित्रण केलं आणि ते एकट्या मामांना मेलने पाठवायचं ठरवलं. एका मेलमध्ये ते मावेना, म्हणून त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते दाबून त्याचे सात तुकडे केले आणि सात मेल धाडले. असल्या तुकड्यांचं एक असतं, सातही जवळ असल्याशिवाय एकही उघडत नाही. मामांकडे निघाले सहा. तोवर ऑफिसचा तो कॉम्प्युटर भंगारात गेलेला आणि फोनमधलं चित्रण जागा करायला म्हणून पुसून टाकलेलं. दापोडी म्हणाले, सात पाठवले. मामा म्हणाले, सहा आले. दुसरं कुणी असतं तर विषय हसण्यावारी गेला असता, पण ही केसाच्या जाडीचाही हिस्सा मोजणारी माणसं. मोजण्यात चुकलास म्हणणं ही त्यांच्या जगातली शिवी, आणि ती मामांनी फोनवर दिली. सातपर्यंत मोजता येत नाही का, असं त्यांनी सव्वीस वर्षांच्या सोबत्याला विचारलं. तिकडून फोन ठेवला गेला तो नऊ वर्षं उचलला गेला नाही. मामी मला एकदा हळूच म्हणाल्या, की पुण्याला जाताना बस दापोडीत शिरली की हे खिडकीतून बाहेर बघायचं सोडून कंडक्टरकडे बघत बसतात.

हा एक विषय सोडला तर मामांइतका शहाणा माणूस मिळणार नाही. फाइल उघडण्याचा त्यांचा एकच नियम आहे, आधी बाहेर काढायचं, मग बघायचं. झिप फाइलवर टिचकी मारून आतल्या आत डोकावणारा माणूस दिसला की त्यांना तो चपला घालून देवघरात शिरल्यासारखा वाटतो. आधी नवीन फोल्डर करायचा, सगळं सामान त्यात मोकळं करायचं, आत किती नग होते आणि बाहेर किती आले ते ताडून बघायचं आणि मगच हात लावायचा. मामा गावाहून पहिल्यांदा पिंपरीला आले ते एका वळकटीत सगळा संसार बांधून, गादी, तवा, कंदील आणि आईने दिलेलं मेतकूट. झिप म्हणजे तीच वळकटी, असं ते प्रत्येकाला समजावतात, आणि ‘वळकटी सोडल्याबिगर तिच्यात निजतं का कुणी?’ असं विचारून थांबतात. समोरचा नाही म्हणेपर्यंत पुढचं बटण दाबलं जात नाही.

मी निजले होते. चिखलीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी तयार मालाची मापं तपासते. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला पहिल्यांदाच नमुन्याचं काम दिलं होतं आणि तपासणीचे कोरे तक्ते झिप करून पाठवले होते. मी ते आतल्या आत उघडले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मापं घेऊन भरले, दर दहा मिनिटांनी सेव्ह केले आणि मोठ्या समाधानाने सगळं बंद केलं. परत उघडून बघते तर तक्ते कोरे. नमुने घ्यायला आलेली गाडी तोवर ते घेऊन निघून गेली होती, म्हणजे पुन्हा मापंही घेता येईनात, आणि सकाळी तक्ते पोचले नाहीत तर काम गेलं. मी रडवेली होऊन मामांना स्कूटरवर मागे बसवून चिखलीला नेलं. त्यांनी तिथेही आधी साबण मागितला. मग म्हणाले, ‘माय, त्यानं तुला नुसतं बघायला म्हणून पत्रावळ मांडली व्हती. तू तिच्यावरच लिहीत बसलीस. पंगत उठली, पत्रावळ गेली.’ कॉम्प्युटर अशा पत्रावळी कुठे टाकतो ते त्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तासात त्यांनी त्या पसाऱ्यातून माझा तक्ता भरल्या आकड्यांसकट उचलून दिला आणि वर एका मापात दशांशाचं टिंब सरकल्याची शंका काढली, जी खरी निघाली. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करते, पण झिप फाइल त्यांच्या पद्धतीनेच उघडते.

चेष्टेला जागा भरपूर आहे. निवृत्तीनंतरही मामांच्या खिशात व्हर्नियर असतो आणि ते दिसेल त्याचं माप घेतात. आमच्याकडे जेवायला बसले असता त्यांनी एकदा भाकरीचं माप घेतलं आणि कड मधल्यापेक्षा जाड असल्याचं आईला कौतुकाने सांगितलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नावांचंही तसंच. डाउनलोड केलेल्या फाइलींची लांबलचक इंग्रजी नावं त्यांना डोक्यात धरता येत नाहीत, म्हणून बाहेर काढलेल्या सामानाच्या फोल्डरला ते आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं देतात. माझ्या भावाच्या मुलाखतीचे कागद ‘पिंपळगाव’मध्ये आहेत आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या लग्नाचे फोटो ‘वडगाव’मध्ये. हे गाव कुणाचं, हे मामांना न बघता आठवतं. आणि ज्या फाइली काही केल्या उघडत नाहीत, त्याही ते फेकत नाहीत. त्यांनाही एकेका गावाचं नाव देऊन ते ‘रुसलेल्या’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि कुणाशी बोलावं तसं म्हणतात, की राहू दे, मन झालं की उघडेल. कुणाला खरं वाटणार नाही, पण वर्ष-दोन वर्षांनी नवीन प्रोग्राम टाकून त्यांनी त्यातल्या बऱ्याच उघडल्या आहेत आणि मालक विसरून गेले तरी सामान घरपोच केलं आहे.

या पावसाळ्यानंतर एक दिवस डब्यावर हात ठेवून मामा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग मला वर निरोप आला. मी गेले तर कॉम्प्युटरच्या पोटातून टक टक असा बारीक आवाज येत होता. ‘बेअरिंग गेलं,’ मामा म्हणाले. बेअरिंग नव्हतं, हार्ड डिस्क होती, पण निदान बरोबर होतं. ती बंद पडायच्या आत सगळी गावं दुसरीकडे हलवायला हवी होती. पुढच्या रविवारी सकाळी मी एक नवी डिस्क घेऊन बसले आणि एकेक फोल्डर उतरवायला लागले. मामा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक गावाला निरोप देत होते. सगळ्यात शेवटी ‘रुसलेल्या’ राहिला. डिस्क दमलेली, म्हणून हलक्या फाइली आधी घ्याव्यात असा विचार करून मी त्या आकाराने लावून घेतल्या.

माझं पोट मापं जुळवण्यावर चालतं. एखादा आकडा आधी कुठे पाहिला असला की तो मला टोचतो. ‘चिंचोली’ नावाच्या एका फाइलचा आकार मला असाच टोचला. मी कोपऱ्यातल्या त्या रांगेकडे गेले. एक ते पाच पाचही तुकडे सारख्याच आकाराचे होते, सातवा उरल्यासुरल्याचा म्हणून लहान. आणि चिंचोलीचा आकार त्या पाचांशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत होता. तारीख बघितली तर बाकी सहांच्या आदल्या संध्याकाळची. मग सगळं ध्यानात आलं. दापोडींच्या सात मेलपैकी सहावा आधी पोचला होता आणि बाकीचे वाटेत अडकून दुसऱ्या दिवशी आले होते. त्या संध्याकाळी मामांनी ऑफिसच्या पत्त्यावरून आलेल्या त्या एकट्या तुकड्याला कंपनीचीच एखादी पूर्ण फाइल समजून उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना, तेव्हा रीतीप्रमाणे तिला नवं नाव दिलं, ‘रुसलेल्या’मध्ये ठेवलं आणि मेलचा डबा भरलाय म्हणून तो मेल पुसून टाकला. कुणाला सापडू नये असं ठेवलं म्हणावं, तर इतकं व्यवस्थित ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी त्यांना हे शक्य तितकं हळू सांगितलं. त्यांनी आकडे स्वतः ताडून बघितले, एकेका आकड्यावर बोट ठेवत, दोनदा. मग झाकणाच्या खिशातला फडका घेऊन चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मामी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मी चिंचोलीचं जुनं नाव आणि सहाचा आकडा परत घातला आणि तो रांगेत बसवला. सात पुरे झाले. मामांनी नवीन फोल्डर केला आणि मोकळं करायचं बटण दाबलं. नऊ वर्षं हा प्रोग्राम तुकडा कमी आहे म्हणून अडत होता, या वेळी तसं काही म्हणाला नाही. त्याने पासवर्ड मागितला. तो जगात एकाच माणसाला माहीत होता. मला वाटलं, मामा आता म्हणतील राहू दे, मन झालं की उघडेल. मला त्यांचा रागही आला असता, कारण एवढ्या मापाच्या माणसाने एका चुकीपायी किती घालवलं ते मला दिसत होतं. पण त्यांनी फोन उचलला आणि नंबर न शोधता, एकेक आकडा दाबून लावला. मामींनी पुढे होऊन स्पीकर सुरू केला.

‘दापोडी, बीड बोलतोय,’ मामा म्हणाले. ‘तुझा सहावा माझ्यापाशीच व्हता. म्याच नाव बदलून कोपऱ्यात ठेवला. तू सात पाठवले व्हते. मोजायला मी चुकलो.’

तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग खोकल्याचा आवाज, आणि मग एक सावकाश बोलणारा माणूस म्हणाला, ‘म्हणजे तू अजून बघितलंच नाहीस?’

‘पासवर्ड मागतोय.’

‘तुझा टोकन नंबर, राव. दुसरं काय असणार?’

टोकन म्हणजे गेटवर हजेरीला दाखवायचा पितळी बिल्ला. चारशे बारा. तो नंबर मामांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पाठ होता. नऊ वर्षं किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी कीबोर्डकडे बघितलं, पण हात लावला नाही. ‘मग ये,’ ते फोनमध्ये म्हणाले. ‘तू आल्याबिगर न्हाई उघडत.’

दीड तासाने जिना चढून एक बारीकसे, काठी टेकत चालणारे गृहस्थ आले. इतक्या वर्षांच्या भांडणामुळे मी मनात कुणीतरी धिप्पाड माणूस धरला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामी काहीतरी बोलायचं म्हणून प्रवासाची चौकशी करू लागल्या. दापोडींनी चपला काढल्या, कुणी न सांगता न्हाणीघराकडे गेले, साबणाने हात धुतले, पुसले आणि आपल्या नखांकडे एकदा बघितलं. तिथे मला रडू आवरलं नाही, हे कबूल करते.

मामांनी चारशे बारा टाकलं. हिरवी पट्टी सरकायला लागली आणि शेवटच्या बोटभर जागेत येऊन थांबली. डिस्क टकटकत होती. दापोडी येईपर्यंत मामांनी मला ते तुकडे हलवूही दिले नव्हते, त्यामुळे ती आता गेली असती तर सगळंच गेलं असतं. दापोडींनी पुढे होऊन डब्यावर तळहात ठेवला. ‘बेअरिंग गेलंय रे,’ ते म्हणाले. मामा ‘माहीत हाय’ म्हणाले आणि त्यांनीही शेजारी आपला हात ठेवला. दोघं तसेच उभे राहिले. पट्टी पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही, चहा मात्र दोनदा गार झाला.

चित्रण अकरा मिनिटांचं होतं आणि जुन्या कॉम्प्युटरवर ते अडखळत चालत होतं. ओळीने उभ्या मशीन, भिंतीवरचं कॅलेंडर, पाण्याचा माठ, हत्यारांच्या रिकाम्या खुंट्या. दापोडींनी हॉलभर फिरून एकेक वस्तू टिपली होती. माणूस कुठेच नव्हता, कारण सगळे गेटपाशी निरोपाचा पेढा खायला गेले होते. शेवटच्या दोन मिनिटांत मामा दिसले, पाठमोरे, निळ्या गणवेशात. ते आपली मशीन पुसत होते. ब्रशने बारीक कीस झाडला, सगळीकडे तेलाचा हात फिरवला, निळं कापड तिच्यावर घातलं आणि चारही बाजूंनी ओढून नीट बसवलं, जसं काही उद्या सकाळच्या शिफ्टला यायचंच आहे. मग तिच्यावर तळहात ठेवून उभे राहिले. फोनमागून नऊ वर्षांपूर्वीच्या दापोडींचा आवाज आला, ‘बीड, चल रे, गाडी सुटेल.’ मामा वळले नाहीत, आणि तिथे चित्रण संपलं.

‘मला वाटलं व्हतं, कुणी बघितलं न्हाई,’ मामा म्हणाले.

‘मी बघितलं होतं,’ दापोडी म्हणाले, ‘म्हणून तर तुला पाठवलं.’

सोबती निघताना मामांनी फोल्डरला नाव दिलं. मी गावांची यादी आठवत होते, कुठलं उरलंय म्हणून. त्यांनी ‘दापोडी’ लिहिलं. त्यांच्या तालुक्याबाहेरचं हे पहिलंच गाव.

डिस्क त्यानंतर तीन आठवड्यांनी गेली, पण तोवर सगळी गावं नव्या डिस्कवर पोचली होती. लॅपटॉप आता खोक्यातून बाहेर आला आहे, दाराशी चपला पूर्वीइतक्याच असतात, आणि दर रविवारी त्यात काठीशेजारी ठेवलेला एक जोड दापोडींचा असतो. दोघं मिळून लोकांच्या वळकट्या सोडवतात आणि नग मात्र वेगवेगळे मोजतात. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा विषय मुलाने एकदाच काढला. तो कोपऱ्यात आहे तिथेच आहे, बंद. त्याच्यावरचं निळं कापड मामा रोज सकाळी काढून झटकतात, परत घालतात आणि चारही बाजूंनी ओढून नीट बसवतात.